साळुंक्या कुठे बघतात

९ मार्च

आज पुन्हा! पंपाच्या खोलीमागे. सात साळुंक्या, दोन बुलबुल आणि ती भांडखोर खार. सगळ्यांच्या माना खाली, पंख ढिले, आणि एकच — खर्र, खर्र, खर्र. अर्धा तास. हातातला चहा गार झाला, कळलंही नाही.

मांजराला साळुंकी असं ओरडत नाही. मांजर दिसलं की ती शिव्या घालत त्याच्या डोक्यावरून मागे मागे जाते, पार कुंपणाबाहेर पोचवून येते. शिक्रा आला तर एकच शिट्टी, आणि मग सगळं चिडीचूप. पण एका जागी बसून, खाली बघत, न थांबता खरखर — त्याचा अर्थ एकच. माझे वडील फळबागेचे राखणदार होते. झाडाखाली वाकायच्या आधी वर पाखरं काय म्हणतात ते ऐकायचं, हे मी सहाव्या वर्षी शिकले. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण हा धडा अजून पाठ आहे.

त्याचं नाव घेत नाही. लांबडं म्हणते. आधी नीट बघते.

१० मार्च

कालचं बोललेलं फोनने लिहून ठेवलंय म्हणे. असेल! मला थोडंच वाचता येतंय? त्याने माझ्या नावाने काहीही लिहिलं असलं तरी मी मान डोलावणार.

हा फोन नातीने दिला. "आजी, खिडकीतून रोज जी पाखरं दिसतील ती याला सांगत जा." ती पाखरं मोजायच्या नोकरीत आहे. सरकार माणसं मोजतं, ही बगळे मोजते. पण आता तिच्या पदरात चार महिन्यांची लेक. माझी पाखरं ऐकायला तिला वेळ कुठला! मग फोन माझाच झाला. माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. जन्मभर लोक मला अंगठाबहाद्दर म्हणाले — घ्या आता! तारीखही तोच टाकतो. माझ्यावर सोडलं असतं तर रोज मंगळवार निघाला असता.

पणतीला मी टिटवी म्हणते. ओरडते तशीच, आणि त्याच वेळेला.

नातजावई सहा महिने जहाजावर, म्हणून नात लेकीला घेऊन इथे आलीय. आज नववा दिवस. तिच्या लग्नावरून मायलेकी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता आमच्या सूनबाई पडदे शिवता शिवता गुणगुणतात. तीस वर्षांत मी या बाईच्या तोंडून गाणं ऐकलं नव्हतं. चांगलं गात नाही, पण गाते!

आमचं घर तळमजल्यावर. टिटवी झोपते ती खोली मागच्या बाजूला.

म्हणून मला झोप लागत नाहीये.

१२ मार्च

सांगून टाकलं. नात खरंच दुर्बीण घेऊन आली, बिचारी. पंधरा मिनिटं बघितलं. आणि तेवढ्यात पंपाच्या खोलीमागून काय बाहेर यावं? वॉचमनची मांजरी, बोकी! शेपूट वर करून, राणीसारखी.

"हा घे तुझा साप," नात म्हणाली.

"ही आत्ता आली. पाखरं मघापासून ओरडतायत."

"आजी, साळुंक्या कशालाही ओरडतात गं."

मुलगा तर जेवताना हसतच होता. "पाखरं ओरडली म्हणजे साप. मग कुकरची शिट्टी झाली म्हणजे काय, आगगाडी?"

हसू दे. चूक माझीच आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या हत्यारांच्या पिशवीत रबरी साप ठेवला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. साप हाताला लागला तेव्हा नेमका लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. त्याची किंकाळी सहाव्या मजल्यापर्यंत गेली म्हणतात. तेव्हा आठवडाभर हसले. आता फेडते आहे.

१३ मार्च

आज ओरडा भिंतीपाशी. पंपापासून वीस पावलं अलीकडे.

१५ मार्च

आज विजेच्या मीटरच्या पेटीखाली. म्हणजे आमच्या भिंतीला लागून!

का येतंय तेही कळलं. शेजारचं धान्याचं गोदाम पाडलं. तिथले उंदीर आता आमच्या बाजूला. काल मोरीत एक पळताना मी बघितला. उंदीर पुढे, लांबडं मागे. त्याला आपल्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला जेवायचं असतं. पण चार महिन्यांच्या पोरीची मूठ आणि उंदीर यातला फरक त्याने अंधारात कसा ओळखायचा?

मोरीत कपडे धुण्याचं मशीन आहे. ते आणलं तेव्हा त्याची नळी जाळीतून जाईना, म्हणून प्लंबरने जाळीच काढून फेकली. "काही होत नाही हो आजी." तेव्हापासून ते भोक तसंच. मुठीएवढं. मी आज बोट घालून बघणार होते. धीर झाला नाही.

१६ मार्च

पराक्रम केला.

सकाळी माझं जुनं लुगडं फाडून त्या भोकात कोंबलं. घट्ट. अकरा वाजता सूनबाईंनी मशीन लावलं, आणि घरात तळं! पडद्याचं नवं कापड भिजलं, गिऱ्हाइकाचं. नात टिटवीला छातीशी धरून पलंगावर उभी. मीही पाण्यात उभी. सांगू काय?

सूनबाई पुढे झाल्या. गुडघ्यावर बसल्या आणि भोकात हात घातला. कोपरापर्यंत! मी नुसती बघत राहिले — आता ओरडेल, आता ओरडेल. चिंधी बाहेर आली. हात शाबूत.

"आई, अहो, हे काय केलंत?"

"लांबडं येईल तिथून."

तिने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मग पाणी काढायला लागली.

नातीने मात्र सोडलं नाही. "आणि आजी, परवा कपाटाच्या किल्ल्या फ्रिजमध्ये कुणी ठेवल्या होत्या?"

त्या मीच ठेवल्या होत्या. ते मात्र खरंच विसरले होते.

१८ मार्च

डॉक्टरांकडे नेलं. डोक्याच्या.

पोरगाच होता, गोडबोल्या. "आजी, आज तारीख काय?"

"फोनला विचारा. तो टाकतो."

"वर्ष?"

"ते सांगितलं की माझं वय विचारता सगळे, म्हणून मी लक्षात ठेवत नाही."

तो हसला, पण लिहून घेतलं. मग कागद दिला. "यावर घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." अहो, मी उभ्या जन्मात पेन्सिल धरली नाही! आकडे मला ओळखू येत नाहीत. वेळ मी सावलीवरून, नळाच्या पाण्यावरून आणि लेकाच्या बुटांच्या आवाजावरून सांगते. गोल काढला. तो पपईसारखा झाला. पपईला देठ काढला. मी म्हटलं चला, चित्र तरी पूर्ण करू.

मुलगा मागे बसला होता. त्याने खाली मान घातली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली — लांबड्याची नाही, वेगळीच. "हिला लिहिता-वाचता येत नाही हो, डॉक्टर," एवढं त्याने म्हणायचं. त्याला लाज वाटली असेल. म्हणालाच नाही.

तीन गोळ्या दिल्यात. "भास कमी होतील."

१९ मार्च

नात फार हळू आवाजात बोलली. हळू बोलली की वाईट असतं.

"आजी, राग मानू नकोस. आई जवळ असल्याशिवाय टिटवीला उचलू नकोस हं. आणि तिच्या खोलीत एकटी बसू नकोस."

बरं म्हटलं. हिला मी न्हाऊ घातलंय. हिच्या आईला ताप होता तेव्हा सव्वा महिना ही माझ्या कुशीत झोपलीय. बरं म्हटलं आणि खिडकीशी जाऊन बसले.

साळुंक्या मोरीच्या पाइपावर. पाइपावर!

२० मार्च

नवल घडलं. सूनबाईंनीच मुलाला ऐकवलं — "जाळी बसवा. आजच्या आज. रविवार-बिविवार नाही."

"अगं, आईच्या डोक्यातलं खूळ ते."

"मग खूळ म्हणून बसवा. आईंचं समाधान होईल."

तो करवादला, पण सिमेंट आणलं. नळीपुरतं भोक ठेवून जाळी पक्की केली. "झालं? आता मुंगी शिरायची नाही. आता तरी जेवशील?"

जेवले. सुनेकडे बघून हसले. ती हसली नाही, नुसता भात वाढला.

२१ मार्च

शांत. दिवसभर पाखरं आपापल्या कामाला. एक साळुंकी मीटरच्या पेटीवर पिसं साफ करत बसली होती. दयाळाने तार धरून गाणं म्हटलं. मी दुपारी झोपले. कित्येक दिवसांनी.

२२ मार्च

सकाळी सात. आवाज ऐकून उठले. वाटलं, माझ्याच खिडकीत. नाही. शेजारच्या. टिटवीच्या खोलीच्या.

दोन साळुंक्या गजांवर. चार समोरच्या तारेवर. खार छज्ज्यावर शेपूट आपटत होती. पंख ढिले. खर्र, खर्र.

आणि माना खाली नव्हत्या. आतल्या बाजूला वळलेल्या! गजांमधून आत, खोलीत बघत होत्या.

मी भिंत धरून उभी राहिले. मला तेव्हा कळलं. जाळी आम्ही बसवली. पक्की, सिमेंट लावून.

ते आत असताना.

२२ मार्च, दुपार

सांगितलं. मुलाने काठी घेतली, पलंगाखाली फिरवली, कपाटावर दोन वेळा ठोकलं. पाच मिनिटं. "बघ. काही नाही. आता बास."

"कपाट सरकव."

"आई, ते भिंतीत बसवलेलं आहे!"

नात रडकुंडीला आली होती. रात्र रात्र जागते ती, तिचं तरी काय चुकलं? "आजी, तू मला घाबरवतेयस. मला उद्या कामावर जायचंय. मी हिला कुणाच्या भरवशावर ठेवून जाऊ?" मग फोनवर डॉक्टरांना विचारत होती, गोळी वाढवायची का.

गोळी मी गालात धरते आणि मोगऱ्याच्या कुंडीत थुंकते. मोगऱ्याला भास होत असतील.

सूनबाईंनी टिटवीचं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं, कापड कापायच्या टेबलावर. म्हणे आत उकडतं. चला, उंचावर तरी आहे! पण तासाभरात नातीने परत आत नेलं. "टेबलावरून पडली तर?" दोघींची थोडी वाजली. मी मधे पडले नाही. माझ्या बोलण्याने आजकाल सगळं बिघडतं.

२३ मार्च

दाराच्या उंबऱ्यावर बसून आहे. आत जायचं नाही म्हणाली होती. उंबरा म्हणजे आत नाही.

टिटवी पाय झाडते. दुपटं खाली लोंबतं. मी दुपट्याच्या टोकाकडे बघत बसते. डोळे चुरचुरतात. मिटत नाही.

जीव थाऱ्यावर नाही. एकदा मनात आलं — खरंच भास असला तर? खरंच डोकं गेलं असलं तर किती बरं होईल! घरात काही नाही, पोरगी सुखरूप, नुसती एक म्हातारी वेडी झालेली. मी तेच मागितलं आज. हात जोडून मागितलं, मला वेड लागू दे.

तेवढ्यात खिडकीत खर्र.

२४ मार्च

आधी हे सांगते — टिटवी ठीक आहे. दूध पिऊन झोपलीय. आता क्रमाने.

नात कामावर गेली, मुलगा गेला. मी चप्पल घालून वॉचमनकडे गेले. पन्नाशीचा माणूस, फार बोलत नाही. "तुम्ही ऐकताय ना साळुंक्या?" विचारलं. म्हणाला, "ऐकतोय आजी. बोकी कालपासून तुमच्या खिडकीकडे फिरकत नाही." हे आधी सांगायला काय झालं होतं या मेल्याला! "साहेब रागावतील म्हटलं."

त्याच्याकडे सर्पमित्राचा नंबर होता. त्याने लावून दिला. पलीकडे बाई! शाळेची व्हॅन चालवते म्हणे. मागे पोरांचा गलका.

मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "किती साळुंक्या?"

"सहा. आणि खार."

"एकाच जागी बघतायत की नजर हलतेय?"

मला रडूच आलं. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता मला. "एकाच जागी. कपाटाच्या खालच्या अंगाला."

"मग तो बसलाय. बाळाला बाहेर काढा. दार लावून घ्या, खालच्या फटीत ओला टॉवेल. कुणी आत जायचं नाही. बारा पोरं घरी सोडते आणि आले."

घरी येऊन सूनबाईंना म्हटलं, "टिटवीला उचल." एरवी दहा प्रश्न विचारणारी बाई! हातातली कात्री टाकली, धावत आत गेली, पोरीला उचलून आली. ओला टॉवेल मी सांगायच्या आत तिनेच लावला. मग आम्ही दोघी पुढच्या खोलीत बंद दाराकडे बघत बसलो. पाऊण तास. तिचे पाय थरथरत होते, आणि पाय थरथरतात म्हणून मांडीवरच्या टिटवीला वाटलं आजी खेळवतेय. खिदळत होती!

बाई आली. जाडजूड, केसांत पेन खोचलेला, पायात बूट. आकडा, पिशवी आणि एक नळी. दार उघडून आधी नुसती उभी राहिली, खिडकीतल्या साळुंक्यांकडे बघत. मग सरळ कपाटाकडे. खालचा खण आकड्याने हळूच ओढला. तो खण टिटवीच्या झबल्यांचा. आत घडी केलेली पिवळी दुपटी, आणि दुपट्यांवर —

फणा काढला त्याने. मी दारातून बघितला. नाग. साडेतीन हात तरी.

आज सकाळी त्याच खणातून नातीने झबलं काढलं होतं. हात घालून.

बाईने नळी पिशवीला लावून पुढे धरली आणि त्याला अंधार दाखवला. तो शहाण्यासारखा आत गेला. पिशवीची गाठ मारली. तेव्हाच साळुंक्या थांबल्या. एकदम. इतकी शांतता झाली! खाली बसले.

"फोन कुणी केला होता?" बाईने विचारलं.

"मी."

"लोक मला सांगतात, साप केवढा होता. पाखरं कुठे बघतात ते कुणी सांगत नाही." आणि माझ्या पाया पडली, बूट घातलेलीच! मी म्हटलं, आधी ती पिशवी लांब ठेव गं बाई.

संध्याकाळी मुलाला सगळं कळलं. तो त्या रिकाम्या खणासमोर उकिडवा बसून राहिला. "आई, मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं, तुला आकडे येत नाहीत ते." एवढंच म्हणाला. नातीने गोळ्या कचऱ्यात टाकल्या. गळ्यात पडून रडली. "आजी, मला शिकव. साळुंक्यांचं." मी म्हटलं, आधी ती दुर्बीण विकून ये.

फोन दोनदा पडला.

२६ मार्च

सगळे बाहेर गेलेले. दुपारी सूनबाई माझ्या पलंगावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "आई, लेक यायच्या दोन दिवस आधी मशीनमागे सापाची कात सापडली होती. आख्खी. मी जाळली."

मी उठून बसले.

"सांगितलं असतं तर ती आलीच नसती. चार वर्षांनी येत होती, आई. मला वाटलं, बाहेर गेलं असेल. मग जाळी बसवली की झालं." मग म्हणाल्या, "तुम्हाला डॉक्टरांकडे न्या, हे मीच सुचवलं होतं."

तोंडात शंभर टोमणे तयार होते. तेवढ्यात आत टिटवी जागी झाली, रडायला लागली. सून उठेना. तोंड झाकून तशीच बसली होती.

मीच उठले. आत गेले. पोरीला उचलून घेतलं.

नातीला सांगायचं का, ते अजून ठरलं नाहीये.